जन्म पाहिलेली बाई

आईने पेन टेबलावर ठेवले, अगदी हळू, जणू ते काचेचे असावे, आणि म्हणाली, "हे मी नाही पाहिलेलं."

वकिलांनी शिक्का शाईवर टेकवला होता. तो तसाच धरून त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

"काय नाही पाहिलंत?"

"हेच. तुम्ही लिहिलंय ना, मुलीचा जन्म माझ्या डोळ्यांसमोर झाला, मला तो प्रत्यक्ष माहीत आहे. मला ताप होता. मी शुद्धीत नव्हते."

"अहो आई, पण जन्म तुम्हीच दिलाय."

"दिला असेल. पाहिला नाही."

मुलगी आधी हसली. तिला वाटले, आई गंमत करते आहे. सकाळपासून आई बरीच गप्प होती आणि गप्प बसून झाल्यावर एखादी गंमत करण्याची तिची रीत होती. पण आईने पायांजवळची पिशवी उचलून मांडीवर घेतली, तेव्हा मुलीचे हसू थांबले. पिशवी मांडीवर आली की आई निघाली, हे लहानपणापासूनचे गणित होते.

"आई, सही कर. लोक रोज करतात."

"लोक करतात म्हणून मी करू? शपथेवर आहे ना हे? मग. मला वरती तोंड दाखवायचंय."

"वरती सावकाश दाखवा," वकील म्हणाले. "आधी हिला वकिलातीत दाखवायचंय."

आईला हसू आले नाही. ती जिन्याकडे चालू लागली.

सगळा घोळ होता तो जन्माच्या दाखल्याचा. मुलीचा नवरा परदेशात जाऊन बरीच वर्षे झाली होती. तिथे त्याचे बूड स्थिर झाले आणि बायकोला कायमचे बोलावून घेण्याचा त्याचा अर्ज एकदाचा वरच्या थराला आला. आता पुढच्या आठवड्यात त्या देशाच्या वकिलातीत मुलाखत होती. लग्नाचा दाखला होता, पोलिसांचा होता, डॉक्टरांचा होता. नव्हता तो जन्माचाच. ही बाई जन्मली होती याला तिच्याखेरीज दुसरा पुरावा नव्हता.

जन्म घरी झाला. एकत्र कुटुंब, दोन भाऊ, दोन जावा. नोंद कुणीतरी करायची होती. थोरल्या भावाला वाटले, पोर धाकट्याची आहे, तो जाईल. धाकट्याला वाटले, घरातली सरकारी कामे आजवर थोरल्यानेच केली, तोच जाईल. दोघेही इतके मर्यादशील, की विचारणे म्हणजे शंका घेणे, म्हणून कुणी कुणाला विचारले नाही. पुढे शाळेत घालताना काकाने तारीख तोंडी सांगितली, मास्तरांनी ती लिहिली आणि तेवढ्यावर सारा जन्म निभावला. नगरपालिकेत शोध घेतल्यावर 'नोंद आढळत नाही' असा दाखला मात्र ताबडतोब मिळाला. नसल्याचा दाखला मिळतो, असल्याचा मिळत नाही, यावर नवरा फोनवर हसला होता.

नोंद नसेल तर वकिलातीचा नियम असा, की वयाने मोठ्या अशा जवळच्या नातेवाइकाने शपथेवर लिहून द्यावे: मी हजर होतो, मला हा जन्म प्रत्यक्ष माहीत आहे. वडील आणि काका दोघे गेलेले. आई होती. आई असताना काळजी कसली, म्हणून हे काम मुलीने सगळ्यांत शेवटी ठेवले होते.

ती दातांच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना म्हणजे दोन खोल्या, भिंतीला लागून लांब ओटा आणि त्यावर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. दवाखान्यांतून ठसे येत, इथे त्यांच्या कवळ्या होत. गुलाबी मेणाची हिरडी करायची, तीत एकेक दात दिव्यावर तापवलेल्या पात्याने बसवायचा, वरचे खालच्यांवर नीट टेकतात का ते पाहायचे. हे काम तिच्या बोटांना येत होते, डोक्याला विचारावे लागत नसे. त्या दिवशी मात्र बोटेही ऐकेनात. मेणाचा एक तुकडा ती नुसताच वळत राहिली, गोळी झाली, चपटी केली, पुन्हा गोळी.

मालक मागे येऊन उभा राहिला. त्याने तिच्या पुढ्यातला जबडा उचलून उजेडात धरला.

"या म्हाताऱ्याला दोन्हीकडं उजवेच सुळे देणार आहेस का?"

तिने पाहिले. खरेच की. तिने पाते तापवले आणि सुळा उपटला.

"तिकडं गेल्यावर असं केलंस तर ते लोक काम बघून परत पाठवतील," मालक म्हणाला. मग आवाज उतरवून, "आईनं काय ठरवलं?"

"तेच. पाहिलं नाही म्हणते."

"माझ्या आईनं न पाहिलेलं सगळं शपथेवर सांगितलं असतं," मालक म्हणाला आणि जबडा जपून खाली ठेवून आत गेला.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. त्याच्याकडे तेव्हा झोपेतून उठायची वेळ असे. आवाज जाड होता.

"झाली सही?"

"नाही."

पलीकडे खाट करकरली. मग तो म्हणाला, "तारीख पुढं गेली, की फाइल पुन्हा खालीच जाते. मागं इथल्या एका फिटरचं तसंच झालं. अजून बसलाय."

"मला माहीत आहे."

"मी दुसरी खुर्ची आणून ठेवलीय. सध्या तिच्यावर कपडे टाकतो."

तिने हातातली मेणाची गोळी ओट्याच्या कडेला चिकटवली आणि म्हणाली, "टाकू नकोस. सवय लागेल."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती आणि वाटीतल्या पाण्यात तिची कवळी पडलेली होती. म्हणजे बोलणे बंद. ती कवळी मुलीनेच केली होती, जीव ओतून केली होती. एकेका दाताचा रंग आईच्या जुन्या दातांशी जुळवून पाहिला होता. आणि ती तोंडात बसली त्या दिवसापासून आईच्या हाती आयतेच हत्यार आले. बोलायचे नसले, की दात वाटीत. आपलेच दात नि आपलेच ओठ म्हणतात ते काही खोटे नाही.

"आई, घाल ते आधी. मला बोलायचंय."

आईने मान हलवली.

"मी जाऊ नको, असं वाटतंय का तुला? तसं सांग ना मग. सरळ सांग. मी त्याला आत्ता कळवते, की खुर्ची विकून टाक."

आईने हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"तू म्हणाली होतीस जा म्हणून. लग्न होऊन लोकं एका ताटात जेवतात, तुम्ही एका फोनवर जेवता, असं तूच म्हणाली होतीस. आता माझ्यामुळं अडलं असतं तर मी समजू शकले असते. तुझ्यामुळं अडतंय. ते पण एका सहीमुळं."

ती खोलीभर फिरत होती. खिडकीशी जायची, परत यायची, नळ नीट बंद आहे ना पाहायची. फाइल उघडायची, दाखले तेच असत, पुन्हा मिटायची. आईचे डोळे तिच्या पावलांमागे जात होते.

"बरं, तू बेशुद्ध होतीस. मग कुणी पाहिलं?"

आईने वाटीत बोटे घातली, दात झटकले आणि तोंडात बसवले. जरा जबडा हलवून पाहिला. आणि मग म्हणाली, "जिनं पाहिलं तिला विचार."

"कुणाला? माईला?"

तो शब्द त्या घरात कितीतरी वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. तिच्या तोंडून तो कसा निघाला, तिचे तिलाच नवल वाटले. माई म्हणजे तिची काकू, आईची थोरली जाऊ. गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटीच राहत होती. काका वारला तेव्हा आई तिकडे गेली नव्हती. वडील गेले तेव्हा काकू आली नव्हती. का, ते कुणी सांगितले नव्हते, आणि विचारलेले आईला आवडत नसे.

"ती कशाला येईल?" मुलगी म्हणाली.

"आली नाही तर नाही."

"तू चल बरोबर."

"मला काय काम तिथं?" आईने घड्यांचा गठ्ठा उचलला आणि कपाटाशी गेली. पाठमोरी असतानाच म्हणाली, "दुपारची झोपते ती. चारच्या आत कडी वाजवू नकोस. चिडते."

काकूचे घर म्हणजे वरच्या मजल्यावरची एक खोली. मुलीने चार वाजून गेल्याची खात्री केली, तरीही कडीपर्यंत नेलेला हात दोनदा मागे घेतला. काय म्हणून हाक मारायची? काकू म्हणावे तर जीभ वळेना, माई म्हणावे तर हक्क कुठला?

दार आतूनच उघडले.

"काय म्हणायचं ते ठरवून यायचं होतंस," काकू म्हणाली. "मघापासून पाय वाजतायत तुझे. ये."

खोलीत खिडकीखाली शर्टांचा ढीग होता. काकू शिंप्यांची काजे करून देत असे. वय झाले तरी सुई ओवायला तिला चष्मा लागत नव्हता, ही गोष्ट ती येणाऱ्याला पहिल्या वाक्यात सांगत असे, मुलीलाही सांगितली. मग खाली बसून तिने एक शर्ट ओढला आणि कापलेल्या फटीच्या कडेने टाके घालू लागली.

ती बोलत होती तेव्हा तिच्या तोंडात टक्टक् वाजत होते. मुलीला ते ऐकवेना. तिला नुसत्या आवाजावरून कळत होते, की डावीकडची मागची दाढ उंच झाली आहे, दरवेळी तीच आधी टेकते आणि खालची कवळी उचलली जाते.

"टोचतं का?" तिने विचारले.

"काय?"

"दात."

"टोचतं म्हणजे? वैऱ्याची बत्तीशी घालून हिंडतेय मी. जेवताना काढून ठेवते, आणि लोक आले की घालते. लोकांसाठी दात, आपल्यासाठी हिरड्या."

"काढा बघू."

काकूने तिच्याकडे पाहिले. मग तोंड भिंतीकडे वळवून कवळी काढली आणि तळहातावर ठेवून पुढे केली. मुलीच्या पर्समध्ये छोटी कानस असेच. बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो तशी. खिडकीच्या उजेडात तिने दाढ पाहिली, चिमूटभर घासली, बोट फिरवले, पुन्हा घासली. किती दिवसांनी तिचे हात जागच्या जागी होते. काकूने दात धुऊन तोंडात घातले, दोनदा तोंड मिटले. आवाज आला नाही. ती जराशी बावरलीच.

"असं कर, आता बोल," ती म्हणाली. "काम काढल्याशिवाय तू यायची नाहीस. पण काम आधी करून मग मागतेस, हे वळण बरं आहे. कुणाचं आहे ते मी म्हणणार नाही."

मुलीने सांगितले. दाखला, वकिलात, मुलाखत, शपथ. काकू ऐकत होती, सुई चालत होती. भावांनी नोंद केली नाही हे ऐकल्यावर तिने मान डोलावली.

"दोघंही देवमाणसं. देवमाणसांच्या हातून कामं होत नाहीत." मग विचारले, "आणि तुझी आई जिवंत असताना माझी साक्ष कशाला?"

"ती म्हणते, तिला ताप होता. बेशुद्ध होती. तिनं काही पाहिलं नाही."

सुई कापडात अर्धी गेली होती, ती तिथेच राहिली.

"बेशुद्ध? ती?"

"वकिलांसमोर म्हणाली."

"अगं, कुठली बेशुद्ध! डोळे असे टक्क. मला ओरडत होती. ताई, पाणी उकळलं का. ताई, कात्री उकळली का. सुईण पोचलीच नव्हती आणि माझे हात हे असे. तू बाहेर आलीस तेव्हा भीतीनं माझेच डोळे मिटलेले. हाताला तू लागलीस, पण बघवेना. तीच म्हणाली, ताई, डोळे उघडा, मुलगी आहे. इतकं शहाणं बाळंतपण मी नाही पाहिलं. ताप चढला तो दुसऱ्या दिवशी. मग महिनाभर ती कुठं नि तू कुठं. तू माझ्याजवळच..."

ती थांबली. रस्त्यावर कुणीतरी दुकानाचे शटर ओढले, त्याचा खडखडाट वरपर्यंत आला आणि विरला. काकू हातातल्या शर्टाकडे पाहत होती.

मुलीने हातातली कानस पर्समध्ये ठेवली.

"काय म्हणाली ती? नेमकं सांग," काकू म्हणाली.

"म्हणाली, जिनं पाहिलं तिला विचार."

"माझं नाव घेतलं?"

"नाही. पण चारच्या आत कडी वाजवू नकोस म्हणाली."

काकूने सुई कापडात टोचून ठेवली. शर्टावरून तिचा हात फिरू लागला, सुरकुती नसलेल्या जागीही सुरकुती काढत.

"वेगळे झालो तेव्हा तू माझ्या गुडघ्याला मिठी मारून बसलीस," ती म्हणाली. "मला माई म्हणायचीस आणि तिला, घरातले मोठे म्हणायचे तसं, धाकटी. स्वतःच्या आईला. आम्ही सगळे हसायचो. ती पण हसायची. तिचं हसणं कुणी नीट बघितलं नाही, मीही नाही. तुझे हात सोडवून तिनं तुला नेलं. दुसऱ्या दिवशी मी तुझे कपडे घेऊन गेले. तिनं कपडे घेतले आणि दार लावलं. माझ्या तोंडावर. बरोबरच होतं तिचं. पण त्या वेळी मला नाही बरोबर वाटलं, आणि नंतर वाटलं तेव्हा फार दिवस झाले होते. दोघींनी हट्ट धरला. तिनं शब्दाचा, मी पायाचा."

मुलगी उठून खिडकीशी गेली, तिथून दाराशी, परत खिडकीशी.

"शपथेवर खोटं बोलायचं नाही म्हणाली," ती म्हणाली. "वरती तोंड दाखवायचंय म्हणाली. आणि स्वतःच..."

"शपथेवर कुठं बोलली? सही केली का कागदावर?"

"नाही."

"मग? नुसतं तोंडी बोलली. तोंडी खोटं बोललेलं देव हिशेबात धरत नसेल. धरत असेल तर आपण कुणीच वाचत नाही." काकूने हात टेकून उठण्याचा प्रयत्न केला. "बस. डोळ्यांसमोर नाचू नकोस. कधी यायचं वकिलाकडं?"

"तुम्ही तर डोळे मिटले होते म्हणालात."

"मिटले होते. मग उघडले की. तेवढ्यानं काय तू परत आत गेलीस?"

वकिलांच्या खोलीत दाराजवळ एक लांब बाक होते. आई आधीच येऊन त्याच्या एका टोकाला बसली होती. काकू जिना चढून आली, धापा टाकत उभी राहिली आणि दुसऱ्या टोकाला बसली. मधे दोन माणसे सहज मावतील एवढी जागा उरली. मुलगी तिथे बसली नाही. ती टेबलाजवळ उभी राहून फाइलची गाठ सोडत आणि बांधत होती.

दोघी सरळ समोर पाहत होत्या. समोर कॅलेंडर होते.

वकिलांनी काकूचा कागद मोठ्याने वाचला. जन्म अमुक दिवशी, राहत्या घरी, वडील अमुक, आई अमुक. जन्माच्या वेळी मी त्या घरात हजर होते आणि हा जन्म मला प्रत्यक्ष माहीत आहे. काकूने ऐकले, "बरोबर आहे" म्हणाली, आणि सही केली. तिची अक्षरे टाक्यांसारखी होती, एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर.

"छान," वकील म्हणाले आणि मान खाजवत दुसरा कागद पुढे ओढला. "पण मी खोटं आश्वासन देणार नाही. हे पुरेल असं मला वाटत नाही. आई हयात आहे, म्हटल्यावर मुलाखतीला पहिला प्रश्न तोच येणार. आईचं का नाही? काकूचं असेल तर दुधात साखर, पण दूध कुठाय?"

मुलीच्या हातातली गाठ तशीच राहिली. तिने आईकडे पाहिले नाही. पाहिले असते तर आपण सगळे बोलून बसू, हे तिला ठाऊक होते. तू जागी होतीस, तू ओरडत होतीस, मला कळलंय सगळं. एवढे बोलले की आईला सही करावीच लागली असती. आणि वकिलांसमोर, काकूसमोर, आई खोटी पडली असती. मुलाखत परवावर आली होती. तिने ओठ आत घेतले.

"तिला कशाला त्रास देता?" काकू म्हणाली. वकिलांना म्हणाली, पण आवाज बाकावरून आडवा गेला. "तिला शुद्ध नव्हती. तापानं फणफणलेली. मी होते ना तिथं. असंच लिहा तुम्ही, की आईला शुद्ध नव्हती. मी देते त्याच्यावर पण सही."

आईने मान वळवली. कॅलेंडरावरून तिची नजर हळूहळू भिंतीवरून, दाराच्या चौकटीवरून, बाकावरून आली आणि काकूच्या चेहऱ्यापाशी थांबली. काकू अजून सरळच पाहत होती. तिच्या गालावर एक शीर हलत होती.

वकिलांनी पेनाचे टोपण काढले, घातले.

"शपथेवर?" आई म्हणाली.

"हो. शपथेवर."

"नको," आई म्हणाली. तिने पिशवी मांडीवरून उचलून खाली जमिनीवर ठेवली आणि टेबलाशी आली. "द्या इकडं माझा कागद."

"म्हणजे आठवतंय तुम्हाला?" वकील म्हणाले.

"दिवेलागण होती. सुईण यायची होती. पुढचं हिला विचारू नका, हिचे डोळे मिटलेले होते."

वकिलांनी आईकडे पाहिले, मग काकूकडे, मग भल्या माणसासारखे काही न विचारता शिक्का शाईत दाबला. आईने सही केली. तिने कागद वाचून पाहिला नाही. परत बाकाकडे गेली आणि आधी बसली होती तिथे न बसता जरा अलीकडे बसली.

नोंदी, प्रती, शिक्के, पावती. मुलगी ते घेईपर्यंत दोघी उठून बाहेर गेल्या होत्या. ती घाईने जिन्यापर्यंत आली. नवऱ्याला कळवायचे होते, प्रती काढायच्या होत्या, गाडीचे तिकीट पाहायचे होते. डोक्यात सगळे एकदम पळत होते. वळणाच्या वर ती थबकली.

खाली दोघी एकेक पायरी उतरत होत्या. काकूने कठड्याला धरले होते आणि दुसऱ्या हाताने आईच्या दंडाला. आई तिच्याकडे न बघता पायरीकडे बघत होती.

"माझं खोटं कुणासाठी होतं ते कळलं का तुम्हाला?" आई म्हणाली.

"पोरीसाठी."

"पोरीसाठी कशाला? तिच्यासाठी काय, कधीही सही केली असती."

काकू पायरीवर थांबली. गुडघा दुखला असावा, किंवा नसावा.

"तिला पोचवायला जायचंय विमानतळावर," आई म्हणाली. "जाताना ती असेल बरोबर. येताना मी एकटी कशी येऊ, ताई?"

दंडावरचा हात काकूने जरा वर सरकवला, पकड नीट केली आणि पुढच्या पायरीवर पाय टाकला.

"आदल्या दिवशी कळव," ती म्हणाली. "म्हणजे मी काजं पोचती करून ठेवीन."

वरच्या वळणावर मुलगी छातीशी फाइल धरून उभी होती. तिच्या पर्समध्ये फोन वाजत होता. तिने तो वाजू दिला. दोघींची पावले शेवटच्या पायरीवरून उतरून रस्त्याच्या आवाजात मिसळेपर्यंत ती जागची हलली नाही.